पाचवीच्या रात्रीची कातर

जानकूआबा ही गोष्ट दिवसा सांगत नसत. कुणी फारच मागे लागलं तर "उजेडात तिची चेष्टा व्हती" एवढंच म्हणून ते तंबाखूची पिशवी सोडायला घेत आणि विषय तिथंच संपे.

त्या रात्री जेवणं उरकायच्या आतच लाईट गेली. नारायणगावात त्या वर्षी भारनियमन इतकं होतं की लाईट आली की लोक आश्चर्याने बल्बकडे बघायचे. आबांची दोन्ही नातवंडं ताटावरून उठून ओट्यावर आली. समर्थने मोबाईलचा उजेड पाडला.

"बंद कर ती बॅटरी. डोळ्यांत जाती," आबा म्हणाले.

"मग गोष्ट सांगा. पण खरी पाहिजे."

"मला खोटं बोलाय आलं असतं तर जन्मभर जीप हाकली असती व्हय? आमदार झालो असतो."

राजनंदिनी हसली आणि हळूच आबांच्या मागे सरकून भिंतीला पाठ लावून बसली. आबांनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली. शेजारच्या गोठ्यात म्हैस शेपटी आपटत होती, तेवढाच आवाज.

"बोरीचा गोरख म्हणून एक व्हता," ते म्हणाले. "स्टँडला माझ्या जीपमागं त्याची जीप लागायची. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. त्यानं एकदाच सांगितलं. परत इचारायची माझी छाती झाली न्हाई."

साल १९९८, ओट्यावरच्या त्या रात्रीच्या दहाएक वर्षं आधी. डिसेंबरची अठरा तारीख, शुक्रवार, मार्गशीर्षातली अमावास्या. गोरखला त्याच्या आईने एका कामावर पाठवलं होतं. काम साधं होतं. अवसरी बुद्रुकला मामाच्या घरी जायचं, मेंढरांची लोकर कातरायची जुनी लोखंडी कातर घ्यायची आणि रात्र चढायच्या आत बोरी बुद्रुकला परत यायचं.

गोरखच्या घरी एके काळी दीडशे मेंढरं होती. वडील गेल्यावर ती विकली, दोन एकरांत टोमॅटो लावले आणि जीप घेतली. कातर पडून राहण्यापेक्षा कामाला यावी म्हणून मामाला देऊन टाकली. मामा धर्माजी अजून मेंढरांमागे फिरत होता.

आता ती कातर परत हवी होती, कारण सोमवारी गोरखला मुलगी झाली होती आणि शुक्रवारी तिची पाचवी होती.

त्याआधी दोन मुलं झाली होती. दोन्ही पाचव्या रात्री गेली. पहिल्या वेळी डॉक्टरांनी छातीत गारठा भरला असं सांगितलं. दुसऱ्या वेळीही काहीतरी सांगितलं, पण ते गोरखच्या कानात शिरलं नाही. आई गजराबाई मात्र दोन्ही वेळेला एकच बोलली होती. घरात लोखंड नाही. दोन्ही वेळेला तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

ते खोटं नव्हतं. विळे, खुरपी, तवा, पहार, सगळं जुनं सामान गोरखच्या बायकोने, शीलाने, लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला भांडीवालीला देऊन स्टीलचे डबे घेतले होते. डबे अजून फळीवर ओळीने चमकत होते. गजराबाई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

"माझ्या दादानं चांदीचे वाळे आणलेत की पोरीला," शुक्रवारी दुपारी शीला म्हणाली. "तेवढं पुरं न्हाई व्हय, आत्या?"

"चांदी नजरंला चालती," गजराबाई म्हणाली. "वाईट डोळ्याचं माणूस आलं की चांदी काळी पडती, आपल्याला कळतं. तांबं लागीरावर. तांब्याचा पैसा पाण्यात टाकून पाजला की उतरतं. पण पाचवीला जी येती, ती दोन्हीला भीत न्हाई. तिला लोखंडच लागतं."

"आये, आपली आख्खी जीप लोखंडाची हाय," गोरख म्हणाला. "आज लग्नाच्या भाड्याला गेलीया, न्हाईतर आणून खाटंला बांधली असती."

"ते कंपनीचं. त्याला कुणी भट्टीत घालून घणानं ठोकलंय का? माणसाचा घाम लागल्याबिगर लोखंडात राखण येत न्हाई."

"खिडकीला गज हायेत."

"ते बी कंपनीचं."

"मग शेजाऱ्याचा इळा आणतो."

"दुसऱ्याचं लोखंड दुसऱ्याच्या घराला वळखतं. आपलं पायजे. ज्याच्यावर आपलं एखादं लेकरू जगलंय असं. तुझ्या खाटंखाली बारा रात्री ती कातर व्हती. म्हणून तर असा तोंड वर करून बोलतोस माझ्याशी."

गोरख हसला. शीला हसली नाही. ती पोरीकडे बघत होती. पोरगी झोपेत ओठ हलवत होती, जणू कुणाला काहीतरी सांगत असावी.

"अहो," शीला हळू आवाजात म्हणाली, "घेऊन या."

त्यानंतर गोरखने चेष्टा केली नाही. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली आणि तो निघाला.

अवसरीत पोचला तेव्हा मामा घरी नव्हता. मेंढरं कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवली होती, तिकडे गेला होता. तो आला साडेआठला. मग हातपाय धुणं, मग माळ्यावर चढून पोती उपसणं. कातर निघाली ती जोंधळ्याच्या कणगीमागे. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी लांब, काळी, तेल पिऊन जड झालेली. दोन पाती, मधे एकच जाड खिळा.

"लई वर्सांनी आठवण झाली तुझ्या आईला हिची," धर्माजी मामा म्हणाला. "तू पाचव्या रात्री असला रडत व्हतास, गोरख्या, आमाला वाटलं तिनं नेलास तर निदान झोप तरी लागंल." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने कातर घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि स्वतःच्या हाताने गोरखच्या कमरेला उपरण्याने आवळून बांधली. "अंगाला लागून असूस्तर तुला कोण शिवत न्हाई. जा. भाकरी खात बसू नगं."

साडेनऊला गोरख निघाला. सव्वादहाला नारायणगावच्या स्टँडवर आला.

"तिथं मी व्हतो," आबा म्हणाले. "गारठा लई व्हता. म्या त्याला बळंच बसवला आणि चहा पाजला. म्हणलं, अमुशाची रात हाय, झोप हितंच जीपमधी, उजाडता जा. तर म्हणाला, पाचवी हाय, जानकूभाऊ. अर्धा कप टाकून उठला." आबांनी ओट्याखाली पिचकारी टाकली. "पाच मिंटं मी खाल्ली त्याची. अजून वाटतं, ती पाच मिंटं खाल्ली नसती तर..."



बोरीचा रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्ही बाजूंना ऊस. मोटारसायकलच्या उजेडात डांबराचा एक पट्टा तेवढा दिसे, बाकी सगळा काळोख. कालव्याचा पूल ओलांडला की ऊस संपतो आणि मोकळी रानं लागतात. तिथं उजव्या हाताला, काढलेल्या बाजरीच्या शेतात, गोरखला वाघूर दिसली. मेंढरं रात्री कोंडायला धनगर खुंट्यांवर जाळी उभी करतात, ती. त्याला बरं वाटलं. आपली माणसं.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पदरावरून घोंगडी. तिने हात केला.

गोरख थांबला. रानात एकट्या बाईने हात केल्यावर गाडी पुढे दामटायची, असं त्याच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. गाडी चालूच ठेवून तो खाली उतरला.

"पावणं, कापाय काय हाय का वं तुमच्यापाशी?" म्हातारी म्हणाली. ती जवळ आली नाही. उजेडाच्या कडेलाच उभी राहिली. "मेंढरू वाघुरीत गुतलंया. गळ्याला फास बसलाय."

"माणसं कुठं गेली तुमची?"

"गावात. पीठ आणाया गेल्याती."

"चला, मी सोडवतो."

"नगा येऊ. परक्याला बघून बुजतंया, अजून आवळून घील. हितं द्या, म्या कापते."

हे बरोबर होतं. अडकलेलं मेंढरू परका माणूस बघून उसळतं आणि स्वतःच फास घट्ट करून घेतं, हे गोरखने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने कमरेचं उपरणं सोडलं. घोंगडीचा तुकडा बाजूला केला. कातर हातात घेतली.

इथं आबा थांबले आणि मागे वळले.

"नंदे, तुझी आई तुला कात्री कशी देती?"

राजनंदिनी दचकली. "खाली ठेवते. मग मी उचलते."

"हातात का न्हाई देत?"

"हातात दिली की भांडण होतं म्हणतात."

"आपल्यात समदे तसंच करत्यात. इळा, सुरी, कात्री, हातातनं हातात द्यायची न्हाई. गोरखनं बारका असताना एकदा आईच्या हातात इळा दिला तर तिनं पाठीत असा धपाटा घातला व्हता का, आठवडाभर वळ व्हता. एकदा असं वळण लागलं की इचार करावा लागत न्हाई. हात आपला आपण खाली जातो."

गोरखचा हात आपला आपण खाली गेला. त्याने कातर डांबरावर ठेवली. आणि बाईमाणसाला उचलता यावी म्हणून रीतीप्रमाणे दोन पावलं मागे सरला.

म्हातारी हलली नाही.

"घ्या की, मावशी," गोरख म्हणाला.

"अजून मागं सरा. परका पुरुष तुमी."

तो आणखी दोन पावलं सरला.

"अजून."

तो सरला. पुढे रस्ता वळत होता, म्हणून गाडीचा उजेड रानात पडला होता, सरळ वाघुरीवर. जाळी लांबलचक होती. शंभर-दीडशे मेंढरांची असेल. आणि गोरखला एकदम कळलं की आपल्याला मघापासून काहीतरी खटकत होतं ते काय.

कुत्रं नव्हतं.

धनगराचा वाडा आणि कुत्रं नाही? गाडी येऊन उभी राहिली तरी कुणी भुंकलं नाही. मेंढरांचा वासही नव्हता. दीडशे मेंढरं बसली की तो उग्र वास पार रस्त्यापर्यंत येतो. इथं नुसता गारठ्याचा वास होता.

जाळीत काहीच हलत नव्हतं.

"आज पाचवी न्हवं?" म्हातारी म्हणाली.

त्याने तिला काही सांगितलं नव्हतं.

गाडी बंद पडली. उजेड गेला.

अंधार असा झाला की डोळे मिटले की उघडे, फरक कळेना. गोरख जागच्या जागी उभा राहिला. आधी काहीच नाही... मग खुरांचा आवाज. डांबरावर. एक... दोन... मग मोजता न येण्याइतके. मेंढरं. रानातून रस्त्यावर येत होती. एकही ओरडत नव्हतं. ती त्याच्या दोन्ही बाजूंनी जाऊ लागली. लोकर त्याच्या पोटऱ्यांना घासत होती. जिवंत मेंढराची लोकर उबदार असते. ही गार होती. ओली आणि गार.

सगळी एकाच दिशेने चालली होती.

बोरीकडे.

तेव्हा गोरखला समजलं की म्हातारीला कातर नको होती. तिला ती उचलायचीच नव्हती. उचलताच येत नव्हती. तिला फक्त ती त्याच्या अंगावरून उतरायला हवी होती.

तो खाली बसला. गुडघ्यांवर, हातांवर. चाचपडत रस्ता शोधू लागला. तोंडावर लोकर येई. एक खूर त्याच्या बोटांवरून गेलं. डांबर... खडी... डांबर... कातर कुठंच लागेना. कळप त्याला ढकलत होता, पुढे, आणखी पुढे, कातरीपासून लांब. त्याला वाटलं, संपलं. तिसरी पण गेली.

मग त्याच्या लक्षात आलं.

एका बाजूला रेटा कमी होता. तिकडून येणारी मेंढरं मधेच फुटत होती. दोन भाग होऊन बाजूने जात होती. मधे जागा सुटत होती, खाटेएवढी. तिथं कुणी पाय टाकत नव्हतं.

गोरख त्या मोकळ्या जागेकडे सरपटला. कोपरं सोलली. कळपातून बाहेर पडला तसा एकदम श्वास घेता आला. हात पुढे केला.

लोखंड.

त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. आवाज थांबला. एका क्षणात. खुरांचाही नाही, वाऱ्याचाही नाही.

गाडी तिसऱ्या किकला चालू झाली. उजेड पडला तर रानात वाघूर नव्हती. नुसती बाजरीची धसं उभी होती. पण गोरख बघत थांबला नाही. कळप पुढे गेला होता. त्याला ते माहीत होतं.

घर गावाबाहेर मळ्यात होतं. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. खिडकीत कंदिलाचा उजेड दिसत होता. गोरखने गाडी पडवीबाहेर पाडली आणि दारावर थाप मारली.

"आये! दार उघड. म्या आलो."

त्याने परत थाप मारली.

"आये!"

"जा." आवाज गजराबाईचाच होता, पण गोरखने तो कधी असा ऐकला नव्हता. "जा म्हणलं ना. चौथ्यांदा आलास."

"आये, म्या गोरख. आत्ताच येतोय."

"मगाशी बी गोरखच व्हता. तीनदा आला. कातर उंबऱ्यावर ठेवलीया, दार उघडून घे म्हणाला. तीनदा!"

आत शीला रडत होती. पोरगी रडत नव्हती. पाच दिवसांचं मूल एवढ्या आवाजातही रडत नाही... गोरखला ते सर्वांत वाईट वाटलं.

"पोरगी?" त्याने विचारलं.

"माझ्या मांडीवर हाय. श्वास घेती. हळू हळू." गजराबाई थांबली. "तू गोरख असलास तर कातर खिडकीतनं दे. माझ्या हातात."

गोरख खिडकीशी गेला. त्याचा हात वर झाला आणि थबकला. लहानपणापासूनचं वळण. आईच्या हातात धार द्यायची नाही. पण ते एक कारण. दुसरं कारण त्याच्या मागे उभं होतं.

पडवीच्या पत्र्याखाली तो एकटा नव्हता.

त्याने मागे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. पोटऱ्यांना ओल्या लोकरीचा गारठा जाणवत होता. आधी डाव्या पायाला. मग उजव्या. मग सगळीकडून. ती दाटीवाटीने उभी होती, अंगणभर, आणि कातर त्याच्या हातात होती म्हणून वीतभर अंतर राखून होती. कातर आत गेली की...

कातर आत गेली की तो बाहेर. मोकळ्या हातांनी.

"दे!" गजराबाई ओरडली. "श्वास मोजती हाय म्या, गोरख्या. दे!"

त्याने गजांमधून पाती आत घातली. आईच्या बोटांनी पाती धरली. मूठ नाही, पातीच. धारेला. तिने हुंकारसुद्धा काढला नाही. त्याने सोडली.

"गोरखच हाय," आत ती म्हणाली.

आणि बाहेर त्याच्या मानेशी कुणीतरी श्वास सोडला. गार. मेंढरू एवढं उंच नसतं.

"आता?" म्हातारी म्हणाली. कानात.

दाराची कडी वाजली. किती वेळाने वाजली ते त्याला कधी सांगता आलं नाही. दाराची फट झाली, रक्ताने भरलेला एक हात बाहेर आला, त्याने गोरखच्या सदऱ्याची गळपट्टी धरली आणि त्याला आत ओढलं. दुसऱ्या हातात गजराबाईने कातर धरली होती, उघडी, अंधाराकडे रोखून. दार बंद झालं.

शीलाने पोरीला उचलून खाटेवर ठेवलं. गजराबाईने दोन्ही पाती फाकवून कातर खाटेखाली ठेवली, मग लुगड्याचा काठ फाडून हाताला गुंडाळला. गोरख दाराला पाठ लावून खाली बसला.

थोड्या वेळाने पोरगी रडली. मोठ्याने, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशी. शीलाने तिला पदराखाली घेतलं तेव्हा गजराबाई पहिल्यांदा रडली.

रात्रभर घराभोवती खुरं वाजत होती. एक फेरी... मग दुसरी. खिडकीवरून जाताना आवाज मंद होई. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी ती थांबली. झुंजूमुंजू झालं तेव्हा गोरख दार उघडून बाहेर गेला. अंगणात काही नव्हतं. शेणाने सारवलेलं अंगण होतं तसं होतं. मोटारसायकल आडवी पडली होती, तिच्यातून पेट्रोल गळत होतं.

"बिबट्या असंल," समर्थ मधेच बोलला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आबा, आपल्याकडं उसात बिबटे आहेत. मेंढरं घाबरून..."

"असंल की," आबा म्हणाले. "गोरख पण तेच म्हणायचा सुरवातीला. बिबट्या असंल, थंडी असंल, झोप नव्हती म्हणून वाटलं असंल. आठ वाजेपर्यंत म्हणत व्हता."

आठ वाजता गजराबाईने पोरीला आंघोळ घालायला घेतलं. बांधलेल्या हाताने जमेल तसं. पाय लांब करून ती पाटावर बसली, पोरीला पायांवर निजवलं, पोटाला तेल लावलं, ऊन पाणी घातलं. पोरगी गप्प पडून होती, छान डोळे उघडून. शीला चुलीपाशी बसून बघत होती. गजराबाई काहीतरी गुणगुणतसुद्धा होती म्हणे. मग तिने पोरीला पालथं घातलं.

गुणगुणणं थांबलं.

दोन्ही खांद्यांच्या मधे, पाठीच्या कण्यावर, तांबडा पट्टा होता. गेरूचा. बोटाएवढा लांब, सरळ, एका दमात ओढलेला.

आदल्या सकाळी तो नव्हता. पोरीला कुणी गेरू लावला नव्हता, घरात गेरू नव्हताच. गजराबाईने बेसन लावून घासलं. परत तेल लावलं. परत पाणी. पाणी खाली स्वच्छ जात होतं. पट्टा तसाच.

"गेरूचा पट्टा कशाला असतो?" राजनंदिनीने विचारलं.

"मेंढराला असतो," आबा म्हणाले. "रानात दहा कळप एक व्हत्यात. आपलं कुठलं, दुसऱ्याचं कुठलं, कळावं म्हणून ज्याचं मेंढरू तो त्याच्या पाठीवर गेरू ओढतो. आज न्हाई तर उद्या कळप परत येतो, मालक येतो, आणि पट्टा बघून आपलं घेऊन जातो. गजराबाईला कुणी सांगायची गरज न्हवती. दीडशे मेंढरांवर तिनं सोता ओढला व्हता."

गोठ्यातल्या म्हशीची शेपटीही थांबली होती.

"ती... पोरगी?" राजनंदिनी.

"हाय की. प्राची नाव. गोरख ते घर सोडून चाकणला गेला, तिकडं शाळेत हाय. चौथीत. हुशार हाय म्हणे."

"आणि पट्टा? गेला ना नंतर?"

आबांनी अंधारात समर्थचा हात ओढून घेतला. त्याच्या मनगटावर एक बोट आडवं टेकवलं.

"तवा एवढा व्हता."

मग ते बोट मनगटावरून वर सरकू लागलं. हळूहळू. हातावरून... कोपराकडे. समर्थने हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण आबांनी सोडला नाही. बोट कोपरावर येऊन थांबलं.

"औंदा दिवाळीला गोरख भेटला," आबा म्हणाले. "आता एवढा हाय."